तुला कमी काय आहे?



आपल्या समाजातील असे एकही घर नसेल की ज्यात हा प्रश्न कधी विचारला गेला नाही. मूल तोंड पाडून बसले, ताटातल्या भातात नुसती बोटे फिरवू लागले, की आपल्या तोंडून तो आपोआप निघतो, "तुला कमी काय आहे?" भायखळ्याच्या चाळीत आमच्या लहानपणी तो आम्हांला विचारला गेला. पुढे लंडनला आल्यावर आम्ही तो आमच्या मुलाला विचारला. खरे पाहता विचारणाऱ्याला त्याचे उत्तर नकोच असते. अन्न आहे, वस्त्र आहे, शाळा आहे, मुंबईत आम्हांला स्वप्नातही न मिळालेली स्वतंत्र खोली आहे. मग दुःखाला जागा उरतेच कोठे, असा तो हिशेब असतो. आम्ही आयुष्यभर गणित शिकवले, त्यामुळे हा हिशेब आम्हांला फार काळ बरोबर वाटला. तो कोठे चुकला, हे आज सांगावयाचे आहे. घरातली गोष्ट चारचौघांत सांगणे सोपे नाही. पण मुलाची परवानगी घेऊन, आणि दुसऱ्या कोणाच्या घरी ती वेळेवर उपयोगी पडावी म्हणून, सांगतो.

२००५ सालचा हिवाळा. मुलगा सतरा वर्षांचा, ए-लेव्हलच्या वर्गात, अभ्यासात चांगला. सणांचे दिवस संपले, घड्याळे एक तास मागे गेली, आणि दुपारी चारलाच अंधार पडू लागला. मुलगा रात्री जागू लागला आणि सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपू लागला. शुक्रवारी रात्री किद्दुशला टेबलापाशी यायचा, किसमिसच्या शरबताचा घोट घ्यायचा, चपातीचा तुकडा मोडायचा आणि वर निघून जायचा. अशाच एका शुक्रवारी आम्ही त्याला तो प्रश्न विचारला आणि वर पुस्ती जोडली, "तुझ्या वयाचे असताना आम्ही एका खोलीत सात माणसे राहत होतो." तो म्हणाला, "नथिंग." मग आपले ताट धुऊन जागेवर ठेवले आणि जिना चढून गेला. ताट धुतले म्हणून आम्हांला बरे वाटले. मुलगा समजूतदार आहे असे आम्ही एकमेकांना म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. मुलगा अकरा दिवस वर्गात आलेला नव्हता. तो रोज सकाळी डबा घेऊन घरून वेळेवर निघत असे. जात कोठे होता? ट्यूबमध्ये बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा परत. डबा संध्याकाळी रिकामा येत होता, पण तो कोणाच्या पोटात जात होता हे आम्हांला आजही ठाऊक नाही.

आम्ही त्याला आमच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नम्रपणे सांगितले, "आपण जरा बाहेर थांबा." पंचवीस मिनिटे आम्ही त्या बंद दारापाशी बसलो होतो. शाळेत आम्ही वर्गशिक्षक होतो. दुसऱ्यांची मुले दुपारच्या सुटीत आमच्याजवळ येऊन मन मोकळे करीत, आणि तसे करतात याचा आम्हांला अभिमान होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आमच्या पोटचा मुलगा जे एका परक्या माणसाला सांगत होता, ते त्याने आम्हांला सांगितले नव्हते.

उपचार झाले. एक वर्ष वाया गेले. वाया गेले असे तेव्हा वाटले. तो उशिरा विद्यापीठात गेला, नोकरीला लागला, संसार थाटला. पुष्कळ वर्षांनी, स्वतः बाप होण्याच्या सुमारास, एका रात्री तो आपण होऊन बोलला. बोलला इंग्रजीत, अर्थ आमच्या शब्दांत देतो. "तुम्ही माझ्यासाठी सगळे सोडून आला होतात. मी सुखी नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

त्या वाक्यावर आम्ही अनेक रात्री विचार केला. त्यात दोन चुका आमच्या आहेत आणि दोन्ही प्रेमातून झालेल्या आहेत. म्हणूनच त्या ओळखणे कठीण जाते.

पहिली चूक अशी की दुःख म्हणजे कशाची तरी उणीव, आणि ती भरून काढली की दुःख संपले, असे आम्ही धरून चाललो. ज्या देशात आपण राहतो त्याच देशाने हा धडा मोठी किंमत देऊन शिकला आहे. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या काही दिवसांत सुमारे पंधरा लाख लोकांना, ज्यांत मुलांची संख्या फार मोठी होती, बाँबच्या भीतीने शहरांतून खेड्यांकडे हलविण्यात आले. हेतू उत्तम होता. खेड्यांत मोकळी हवा होती, दूध होते, बाँब नव्हते. तरीही मोठमोठी मुले अंथरूण ओले करू लागली, रात्री ओरडत उठू लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या तिघा डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून इशारा दिला होता की लहान मुलांना आईपासून असे तोडणे मनाला धोक्याचे आहे. त्या मुलांना कमी काय होते? मोजता येण्यासारखे फारसे काही नव्हते.

दुसरे उदाहरण आम्हांला अधिक लागते. व्हिएन्नाहून १९३८ साली परागंदा होऊन आलेल्या ॲना फ्रॉइड यांनी युद्धकाळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी निवासी शाळा चालविल्या. तेथे जेम्स रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश तरुण बॉयलर सांभाळण्याचे काम करी. ॲना फ्रॉइड यांचा नियम असा होता की कामावरच्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही कामाचा असो, मुलांमध्ये जे दिसेल ते कार्डावर लिहून ठेवावे. अशा रीतीने बॉयलरवरचा माणूस मुलांकडे पाहायला शिकला. पुढे तो बोल्बींच्या हाताखाली टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये आला आणि १९५२ साली त्याने एक साधा मूकपट काढला. दोन वर्षांची एक मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच त्याची गोष्ट. त्या काळी आईबापांना भेटीची वेळ फार थोडी असे, कारण भेटीनंतर मुले रडतात आणि वॉर्डाची शिस्त बिघडते असे मानत. चित्रपटातली मुलगी फारशी रडत नाही. ती शहाण्यासारखी वागते. पण तिचा चेहरा दिवसेंदिवस कसा विझत जातो, ते कॅमेऱ्याने टिपले होते. डॉक्टरांच्या सभेत तो दाखविला तेव्हा पुष्कळजण रागावले. आमच्या वॉर्डातली मुले शांत असतात, असे ते म्हणाले. हळूहळू मात्र मत बदलले, आणि १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावरची बंधने उठवावीत अशी शिफारस केली.

शांत मूल म्हणजे सुखी मूल नव्हे, हे त्या अनुभवी डॉक्टरांना आणि परिचारिकांना दिसले नव्हते. आम्हांलाही धुतलेले ताट दिसले, मुलगा दिसला नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे. देशांतर आम्ही मुलासाठी केले असे आम्ही सांगत आलो. ते पूर्ण खरे नव्हते. आम्ही १९८४ साली आलो आणि तो जन्मला १९८८ साली. आम्ही आलो आमच्या हौसेने, नोकरीसाठी, थोडे जग पाहावे म्हणून. पण येथील थंडीत, पाळ्यांच्या कामात, घरमालकाच्या कुरबुरीत जेव्हा जेव्हा जीव रमेना, तेव्हा "मुलांसाठी सारे" हे शब्द आम्हांला आधार देऊन गेले. आमचा आधार त्याच्या खांद्यावर होता. जे आम्ही देणगी म्हणत होतो ते त्याच्या वहीत कर्ज म्हणून लिहिले जात होते, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो सावकारासमोर रडत नाही.

येथे कोणी विचारील, मग मुलांनी कृतज्ञ असू नये काय? मातापित्यांचा मान राखावा ही तर दहा आज्ञांपैकी एक आज्ञा. होय, आणि ती आम्ही सोडायला तयार नाही. पण आपल्या पूर्वजांनी त्या आज्ञेचा अर्थ कसा लावला तो पाहावा. तालमूदच्या किद्दुशीन या भागात मान राखणे म्हणजे काय ते सांगितले आहे. आईबापांना खाऊपिऊ घालावे, वस्त्रे द्यावीत, त्यांना आत-बाहेर नेता-आणताना हात द्यावा. ही सगळी कृत्ये आहेत. मुलाने आईबापांसाठी आनंदी राहावे, असे त्या यादीत नाही. आणि आम्हांला वाटते हे योग्यच आहे. माणसाला अमुक कर असे सांगता येते. अमुक वाटून घे असे सांगता येत नाही. मुलाकडून अभ्यास मागावा, सभ्यपणा मागावा, म्हातारपणी औषध आणून देण्याची अपेक्षाही ठेवावी. समाधान मात्र मागता येत नाही. मागितले तर ते मिळते देखील, पण खोटे मिळते. ते ट्यूबमध्ये बसून फेऱ्या मारते आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी येते.

आमच्या वयाचे मित्र म्हणतात, "आपल्याला कोणी असे जपले होते? आपण वाढलोच ना!" या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे. मुंबईच्या चाळीत काय किंवा रेवदंड्याच्या वाडीत काय, एका मुलाभोवती दहा कान असत. आईने धपाटा घातला तर मूल आजीच्या पदरात शिरे. वडिलांना सांगता येत नसे ते आत्याला सांगता येई. शेजारची काकू विचारपूस न करताही समजून घेई आणि हातावर चिकाच्या हलव्याची वडी ठेवी. येथे दोन माणसे आणि एक मूल, दोघेही कामावरून दमून आलेली, आणि बाहेर ओटा नाही. दहा जणांत वाटलेले ऐकण्याचे काम दोघांवर येऊन पडले, आणि ते आपल्यावर आले आहे हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही.

शिवाय आपण सगळेच वाढलो असेही नाही. आमचे एक काका होते. माणूस हुशार, पण विशीत "डोक्यावर परिणाम झाला" एवढेच कानावर आले आणि मागच्या खोलीचे दार लागले. पाहुणे आले की आम्हां मुलांना त्या बाजूला जाऊ देत नसत. घरात लग्नाच्या मुली होत्या, आपला समाज मूठभर, बातमी एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात जायला एक शब्बाथ पुरे. घराण्याचे नाव राहावे म्हणून त्या माणसाला औषधावाचून ठेवले. त्यांनाही कमी काय होते? दोन वेळचे ताट दाराशी पोहोचत होते.

दुसरी शंका अशी की इतके लाड केले तर मुले नाजूक होतील. ऐकून घेणे आणि मागेल ते देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वर ज्यांचे नाव आले त्या विनिकॉट यांनी पॅडिंग्टन ग्रीनच्या मुलांच्या रुग्णालयात चाळीस वर्षे काम केले आणि बी.बी.सी. रेडिओवरून मातांशी सोप्या भाषेत बोलत राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की आई परिपूर्ण असण्याची गरज नाही. पुरेशी चांगली असली म्हणजे झाले. ती आरंभी तान्ह्या मुलाची गरज जवळजवळ पूर्ण भागविते आणि मग त्याला झेपेल तसतशी थोडी थोडी मागे सरते. मुलाला नाही म्हणावे, पडू द्यावे, नापासही होऊ द्यावे. पडल्यावर मात्र "लागले का?" असे विचारावे, "चांगला रस्ता करून दिला होता, पडलास कसा?" असे नव्हे.

राहिला प्रश्न त्या बंद दाराचा. मुलाच्या मनात काय आहे ते जाणण्याचा आईबापांना हक्क आहे की नाही? कायद्याने येथे उत्तर दिले आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची उपचाराला स्वतःची संमती पुरते, असे १९६९ चा कायदा सांगतो. आणि त्याहून लहान मुलालाही पुरेशी समज असेल तर त्याची संमती ग्राह्य आहे, असा हाऊस ऑफ लॉर्ड्सचा १९८५ चा निकाल आहे. तेव्हा आम्हांला हा कायदा आईबापांचा अपमान वाटला. आज वाटते की विश्वास हा हक्काने वसूल होत नाही. मूल ज्या दारातून बोलेल ते दार उघडे असावे, मग ते आपल्या घराचे नसले तरी चालेल. येथे १९८६ साली चाइल्डलाइन सुरू झाली, मुंबईत १९९६ साली त्याच नावाची सेवा सुरू झाली. दोन्हीकडे मुलांनी फोन उचलले, याचा अर्थ सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि घरात ऐकणारे कमी पडत होते.

या संदर्भात रोश हशानाच्या पहिल्या दिवशी हफ्तारात वाचली जाणारी हन्नेची गोष्ट आम्हांला नेहमी आठवते. शिलो येथे ती मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली हा मुख्य कोहेन. सारे आयुष्य माणसांच्या प्रार्थना ऐकण्यात गेलेले, आणि त्यालाच ती दारू प्यालेली वाटली. तो तिला रागावला. ती म्हणाली, मी दुःखी बाई आहे, माझे मन मी परमेश्वरापुढे ओतते आहे. यापुढची गोष्ट महत्त्वाची. एलीने आपली अधिष्ठाने मांडली नाहीत, वाद घातला नाही. त्याच क्षणी शब्द मागे घेतले आणि तिला आशीर्वाद दिला. चूक त्याच्या हातूनही झाली. ती त्याने किती लवकर सुधारली, एवढाच आमच्यात आणि त्याच्यात फरक. आम्हांला कित्येक वर्षे लागली.

आता थोडे व्यवहाराचे. इंग्लंडमधील २०२३ च्या सरकारी पाहणीत आठ ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे पाचात एकाला मानसिक विकार असण्याची शक्यता दिसली. २०१७ साली हे प्रमाण आठात एक होते. तेव्हा आपल्या नातवंडांच्या घरी हा विषय येणारच नाही असे समजू नये. झोप, भूक, मित्र, यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ बदल दिसला तर डॉक्टरांकडे जावे. उपचाराची यादी लांब असते, म्हणून नाव लवकर घालावे. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, असे संशोधनातून वारंवार दिसले आहे. प्रसंग निकडीचा असेल तर इंग्लंडमध्ये १११ वर फोन करून मानसिक आरोग्यासाठीचा दुसरा पर्याय निवडता येतो, आणि जिवाला धोका असेल तर ९९९ आहेच. समोरासमोर बसवून उलटतपासणी करू नये. भांडी पुसताना किंवा गाडीत शेजारी बसून मुले अधिक बोलतात.

आणखी एक गोष्ट भाषेची. आमच्या मुलाला मराठी येते असे आम्ही अभिमानाने सांगत असू. नंतर लक्षात आले की त्याला येत होते ते ये, जा, जेव, झोप, अभ्यास कर. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर आम्ही त्याला फक्त आज्ञार्थ दिला होता. हुरहूर, घुसमट, उदास वाटणे, जीव न रमणे, हे शब्द आम्ही त्याच्यासमोर कधी उच्चारलेच नाहीत, कारण आमचा जीव रमत नाही हे त्याला कळू नये अशी आमची धडपड होती. मग त्याने आपली घुसमट आम्हांला कोणत्या भाषेत सांगावी? घरात मोठ्यांनीही एखादे वेळी म्हणावे, "आज मला उदास वाटते आहे." त्याने आकाश कोसळत नाही. मुलाला एक शब्द मिळतो.

गेल्या शब्बाथला आमची नात रुसून जिन्याच्या पायरीवर बसली होती. टेबलावर सारे होते. आमच्या ओठांवर तो जुना प्रश्न आला, अगदी जिभेच्या टोकावर. तेवढ्यात आमचा मुलगा उठला, तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बसला आणि काही न बोलता बसून राहिला. पुष्कळ वेळ गेला. जेवण गार झाले. काय झाले होते ते तिने त्याला सांगितले. आम्हांला कळले नाही, आणि आम्ही विचारले नाही.